लिहिलं ते वाचून दाखवते

चूक माझी होती. हे वाक्य गेली दोन वर्षं मी मनातल्या मनात अनेकदा म्हटलं, आणि दर वेळी त्याच्यापुढे एक 'पण' लावला. आज तो 'पण' लावायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्याची डोंगरउताराची जमीन आहे. त्या जमिनीच्या नोंदीत मी 'पडीक' हा शब्द लिहिला. त्या शब्दापायी पाड्यावरच्या लोकांचं नुकसान झालं, तेव्हा तो शब्द आमच्या इंटर्नने लिहिला असं मी चारचौघांत सांगितलं. ती इंटर्न म्हणजे सुनंदाताई. या आषाढात त्या गेल्या. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

बातमी आली तेव्हा मी जव्हारच्या आमच्या कार्यालयात एका नव्या प्रस्तावाचा अर्ज भरत होतो. त्यांच्या यजमानांचा फोन आला. ते मोखाड्याला तहसील कचेरीत कारकून आहेत, मोजकं बोलणारे. "सर, सुनंदा गेली. पहाटे. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं." एवढंच बोलले. मी 'निघतो' म्हणालो, फोन ठेवला आणि समोर पाहिलं. अर्जातला जो रकाना मी भरत होतो त्याचं नाव होतं 'जमिनीचा प्रकार'. तो रकाना आजही रिकामा आहे...

आमची संस्था जंगल, झरे आणि गावठी बियाणं यांवर काम करते. मी घाटावरचा, पण या भागात आता बरीच वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका महाविद्यालयातून पत्र आलं की, एका विद्यार्थिनीला सहा महिने इंटर्न म्हणून ठेवून घ्या. विषय होता हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी गावांना मिळणारा निधी. मी पाठीवर सॅक घेतलेली विशीतली मुलगी डोळ्यांसमोर धरली होती. ठरलेल्या सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात डबा आणि छत्री, केसांत थोडं पांढरं. मला वाटलं, मुलीला सोडायला आल्या असतील. "या, बसा. इंटर्न कुठे आहे?" मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बसतेच आहे, सर. मुलगी तिच्या कॉलेजात गेली. इंटर्न मीच." आमचा जीपचालक बाहेर मोठ्याने हसला. त्याच दिवशी त्याने त्यांना 'इंटर्नबाई' केलं आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

सुनंदाताईंचं माहेर खोडाळ्याजवळचं. वडील भात आणि नागली करणारे. त्या शिकल्या, एका आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षिका झाल्या. बऱ्याच वर्षांनी ते कंत्राट संपलं, तेव्हा घरी न बसता त्यांनी पर्यावरणाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. मुलगी पदवीला, आई पदव्युत्तर. "घरात दोन विद्यार्थिनी आणि टेबल एक," त्या सांगायच्या, "मग यजमान जमिनीवर बसून जेवतात." पहिल्या आठवड्यात त्यांनी दुकानातून शाळेची दोनशेपानी वही आणली आणि तिला खाकी कव्हर घातलं. कव्हरवर चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीवर इयत्तेपुढे त्यांनी लिहिलं 'इंटर्न', आणि विषयापुढे 'जुळवून घेणे'.

हे 'जुळवून घेणे' हा काय प्रकार असतो, ते पाड्यावरच्या बायकांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. सूर्यमाळच्या बाजूच्या त्या पाड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ती सकाळ मला आठवते. ठकीबाई नावाची साठीची एक बाई तिथली कर्ती. ती कोणालाही अरे-तुरेच करते. सुनंदाताई सांगत होत्या की, पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायला लोक काय काय करतात ते लिहून पाठवलं तर निधी मिळू शकतो. ठकीबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुळवून घ्याचं म्हंजे? सासरी घेतो तसं?"

"तसंच समज, मावशी."

"त्याचं पैसं देतात?"

"देतात म्हणे."

"मग माजं चाळीस वर्सांचं लिव आधी," ठकीबाई म्हणाली, आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुनंदाताईंनी हसत हसत ते खरंच वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "थांबा, मी लिहिलं ते वाचून दाखवते."

ही त्यांची पद्धत होती. मी इतकी वर्षं सर्वेक्षणं केली, करवून घेतली, पण अशी पद्धत कोणाची पाहिली नाही. त्या विचारायच्या, लिहायच्या आणि निघण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवायच्या. बायका दुरुस्त्या सांगायच्या. 'झरा मार्चात आटतो' असं वाचलं की कोणीतरी म्हणायची, आटत नाय, बारीक होतो, रांगेत बसलं तर हंडा भरतो. मग त्या खोडायच्या, पुन्हा लिहायच्या, पुन्हा वाचायच्या. एका पाड्याला अख्खा दिवस जायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "ताई, त्यांना वाचता येत नाही, तुम्ही काय लिहिलं ते कोण तपासणार आहे?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर वाचून दाखवायचं, सर." मला तेव्हा हे बाईंचं शाळेतलं वळण वाटलं. शुद्धलेखन तपासल्यासारखं...

त्या पाड्याच्या वर एक उतार आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यावर वाळकं गवत आणि झुडपं होती. मी म्हटलं, ही पडीक दिसते. ठकीबाई म्हणाली, "पडीक नाय. निजलीय." मग सुनंदाताईंनी मला समजावलं. डोंगरउताराच्या या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घेतात. मग काही वर्षं तिला तशीच सोडतात, ताकद भरून येण्यासाठी. ही जमीन येत्या पावसात उठवायची होती. पाऊस हुकल्यामुळे भाताचं वाटोळं झालं, तरी उतारावरची नागली हात देते. म्हणजे आम्ही ज्याला मोठमोठे शब्द वापरत होतो ते जुळवून घेणं हेच होतं, गवताखाली निजलेलं. पण फोनमधल्या आमच्या अर्जात जमिनीला तीनच पर्याय होते, 'लागवडीखाली', 'जंगल' आणि 'पडीक'. सुनंदाताईंनी 'लागवडीखाली' निवडलं आणि शेरा लिहिला, 'निजलेली. येत्या पावसात नागली. इथे झाडे लावू नयेत.' तेही त्यांनी वाचून दाखवलं. ठकीबाईने मान हलवली.

पुढचं मला लिहायचं आहे ते हे. निधी देणाऱ्या संस्थेकडून त्या पाड्यासाठी दोन कामं होणार होती. एक, झऱ्याखाली पाण्याची टाकी, कारण तिथल्या बायका उन्हाळ्यात हंड्यापायी निम्मा दिवस घालवतात. दुसरं, पडीक जमिनीवर झाडं. दोन्ही कामं एकत्र मागायची अशी अट होती, आणि झाडांसाठी एका जागी ठरावीक पडीक जमीन दाखवावी लागत होती. अर्ज पाठवायच्या दिवशी दुपारी मी बेरीज केली तर जमीन कमी पडत होती. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सुनंदाताई परीक्षेला नाशिकला होत्या. पेपर सुटल्यावर त्यांना फोन करता आला असता. मी केला नाही, कारण त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं. मी त्या उताराच्या नोंदी उघडल्या, 'लागवडीखाली' काढून 'पडीक' केलं आणि शेऱ्याचा रकानाच पुसून टाकला. मनाशी म्हटलं, टाकी तर होईल. झाडांचं पुढे पाहता येईल. मग मी चहा प्यायला गेलो. हेही आठवतं, कारण चहा चांगला लागला होता.

निधी मंजूर झाला, टाकीचं काम सुरू झालं. सुनंदाताईंचे सहा महिने आम्ही वाढवून घेतले होते, कारण जव्हारकडे वांगणीच्या बाजूची गावं व्हायची होती आणि उन्हाळाभर त्या तिकडेच होत्या. पडीक जागेत झाडं लावायला पाड्याने सभेत होकार दिलेला होता, पण त्यांच्या लेखी पडीक म्हणजे माथ्यावरचा कातळ. मे महिन्यात पाड्यावरची बहुतेक माणसं कामाला बाहेर गेलेली असताना ठेकेदाराची माणसं नकाशा घेऊन आली आणि उतारभर खड्डे खणून गेली. मी मंजुरीच्या कागदावर सही केली होती. झाडांचं पुढे पाहू म्हटलं होतं, ते पाहिलं नव्हतं.

लोक परतले. पाऊस लागला, खड्ड्यांत रोपं लावली गेली. नागलीची रोपं राबात, म्हणजे जमीन भाजून केलेल्या वाफ्यात, तयार होऊन उभी होती आणि लावायला जागा नव्हती. वाट पाहून ती जागीच पिवळी पडली. एरवी दिवाळीनंतर कामाला बाहेर पडणारी कुटुंबं त्या वर्षी दिवाळीआधीच बाहेर पडली. पण ते नंतरचं. जुलैत पाड्यावर सभा बोलावली गेली. निधी देणाऱ्या संस्थेचे अधिकारी मुद्दाम आले होते. शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसलो. सुनंदाताई बायकांमध्ये खाली बसल्या होत्या, त्यांना अजून काही माहीत नव्हतं. ठकीबाई मला म्हणाली, "सायब, तुज्या कागदात आमची जमीन मेली काय?" अधिकाऱ्यांनी छापील यादी काढली आणि म्हणाले, "इथे तर पडीक लिहिलंय." सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. ठकीबाई त्यांच्याकडे वळली. "बाय, तू तर निजलेली वाचलीस."

त्या उत्तर देण्याआधी मी बोललो. म्हणालो, "सर्वेक्षण आमच्या इंटर्ननं केलं होतं. नवीन आहेत. नोंद करताना त्यांच्याकडून चूक झाली."

सुनंदाताईंचा हात पिशवीत होता. खाकी कव्हरची वही त्या पिशवीत होती, ते पान त्या वहीत होतं. मी तो हात पाहत होतो. मग तो रिकामाच बाहेर आला आणि त्यांनी तो मांडीवर ठेवला. ठकीबाई ओरडली नाही. हळूच म्हणाली, "वाचलीस एक नि लिवलीस एक." शेजारी बसलेली बाई थोडी सरकून बसली. एवढंच झालं त्या सभेत. अधिकारी समजूतदार होते, त्यांनी उतार सोडून द्यायचं मान्य केलं, टाकी पुढे चालू ठेवली आणि सभा संपली.

परतताना जीपमध्ये मी पुढे, त्या मागे. बऱ्याच वेळाने, खोडाळ्याच्या अलीकडे, त्या म्हणाल्या, "टाकीचं काम अर्धं आहे, सर." मी 'हो' म्हणालो. त्यावर आम्ही दोघंही पुन्हा कधी बोललो नाही. माझी लबाडी उघडी पडली असती तर निधी थांबला असता, टाकी तशीच राहिली असती, हे त्यांनी त्या चार क्षणांत पाहिलं होतं आणि हात रिकामा बाहेर काढला होता. मी ते समजून गप्प बसलो. गप्प बसणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर सुनंदाताई एकदा त्या पाड्यावर गेल्या होत्या. बायकांनी पाणी दिलं, चटई टाकली. यांनी वही उघडली तर एक जण म्हणाली, "नको लिवू, बाय. नुसती बस." हे मला ड्रायव्हरने सांगितलं. अहवालातून त्यांनी तो पाडा वगळला. शेवटच्या दिवशी मी त्यांना प्रमाणपत्र दिलं. त्यात मी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी केली आणि विचारलं, "उत्कृष्ट काय, सर? चूक?" आणि हसल्या. माझ्यासारख्याची सुटका करणारं हसणं होतं ते. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही संस्थेची. तुमच्याकडे राहू दे." मी ती कपाटात ठेवली. दोन वर्षं ती कपाटात होती. मी कपाट रोज उघडत होतो.

पुढे त्या कधी खोडाळ्याच्या बाजारात भेटायच्या, कधी मोखाड्याला. नागलीचे पापड हातात ठेवायच्या, मुलीचं सांगायच्या. दर वेळी मी ठरवायचो की आज बोलायचं, आणि दर वेळी पावसापाण्याचं बोलून निघायचो. मग त्यांचं दुखणं निघालं. नाशिकच्या फेऱ्या सुरू झाल्या. जून महिन्यात मी घरी भेटायला गेलो ती शेवटची भेट. खाटेवर त्या इतक्याशा झाल्या होत्या. मुलीने कोरा चहा आणला. सुनंदाताईंनी पहिलं विचारलं, "टाकीला पाणी राहिलं का मेमध्ये?"

"राहिलं. खाली गेलं होतं, पण राहिलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी म्हणालो, "सुनंदाताई, मला एक सांगायचं होतं..." त्यांनी डोळे उघडले. "सांगा की." मी त्यांच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि म्हणालो, "तुम्ही बऱ्या व्हाल." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. फळ्यावर गणित अडलेल्या पोराकडे शिक्षिका बघते तसं. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहिलेलं कधी वाचून दाखवत नाही."

त्यांच्या दिवसांना मी गेलो होतो. जव्हारकडून, वांगणीकडून जीप भरून बायका आल्या होत्या. ज्यांच्याकडे बसून त्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्या पाड्यांवरून कोणी ना कोणी होतं. फक्त एका पाड्यावरून कोणी नव्हतं. ती रिकामी जागा बाकी कोणाच्या लक्षात आली नसेल. मला मात्र तिथे बसवेना.

परत येऊन मी कपाटातून वही काढली. निधी देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं, काय झालं होतं ते जसंच्या तसं. त्याचं जे व्हायचं ते होईल. आणि गेल्या आठवड्यात वही घेऊन पाड्यावर गेलो. उतारावरची रोपं काढून लोकांनी गेल्या वर्षीच खड्डे बुजवले, नागली घेतली. यंदा वरईची पाळी आहे आणि बायका निंदणीला वर गेल्या होत्या. ठकीबाई गुडघ्यामुळे घरीच होती. "टाकीचं काय निघालं काय, सायब?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, सुनंदाताईंचं बोलायचंय. ती म्हणाली, "मेली ती. कळलं आमाला. राग धरून बसलो नि जायाचं ऱ्हायलं."

मी वही उघडली आणि बोलायला लागलो, तसा तिने हात वर केला. पहिल्या दोन वाक्यांतच तिला कळलं होतं. "थांब. मला एकलीला नको सांगू. त्या दिशी जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांनी ऐकू दे." तिने सुनेला उतारावर पाठवलं. मी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. तासभर तरी गेला असेल. त्या तासात निघून जावं असं मला दोनदा वाटलं, हेही लिहून ठेवतो. मग एकेक जणी खाली आल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. त्या दिवशी बसल्या होत्या तशाच बसल्या. त्या दिवशी सरकून बसलेली बाईही होती. तिच्या शेजारी थोडी जागा मोकळी राहिली होती.

मी वहीतलं ते पान वाचलं. 'उतार. निजलेली. येत्या पावसात नागली. इथे झाडे लावू नयेत.' खाली त्यांचं नाव आणि कंसात 'वाचून दाखवले'. मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकू नाय आलं. परत वाच." मी परत वाचलं, मोठ्याने. मग वही मिटली नाही, तशीच हातात धरून म्हणालो, "सुनंदाताईंनी तुम्हाला जे वाचून दाखवलं तेच लिहिलं होतं. पडीक हा शब्द माझा. तो मी लिहिला, त्यांचा शब्द मी पुसला, आणि तुमच्या देखत त्यांचं नाव सांगितलं. टाकी अर्धी होती म्हणून त्या बोलल्या नाहीत. माझं चुकलं. तुम्ही मला माफ करा. सुनंदाताई, तुम्हीही."